एक कॉलम गेला तरी बिल्डिंग उभी राहिली पाहिजे: ड्रॉइंगवर आणि साईटवर काय काय बघायचं

आरसीसी बिल्डिंगचं डिझाईन करताना आपण सगळे कॉलम जागेवर आहेत असं धरूनच चालतो. डेड लोड (बिल्डिंगचं स्वतःचं वजन), लाईव्ह लोड (माणसं-सामानाचं वजन), वारा, भूकंप सगळं लावतो, सॉफ्टवेअर हिरवं झालं की ड्रॉइंग बाहेर. पण यातला एखादा कॉलम उद्या अचानक नाहीसा झाला तर त्याच्यावरचं वजन कुठून जाणार, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी कुणी विचारतच नाही. ट्रक धडकू शकतो, गॅसचा स्फोट होऊ शकतो, आग लागू शकते, कुणीतरी रिनोव्हेशनच्या नादात कॉलम तासू शकतो. कारण काहीही असो, नुकसान तिथल्या तिथे थांबलं तर अपघात, आणि एकाचं वजन दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर असं करत अर्धी बिल्डिंग खाली आली तर प्रोग्रेसिव्ह कोलॅप्स. हे थांबवायला फार पैसा लागतो असा समज आहे, तो बराचसा चुकीचा आहे. जास्त करून सळया कुठे चालू ठेवल्या आणि कुठे तोडल्या यावर सगळं ठरतं, आणि हे ज्युनिअर इंजिनिअरसुद्धा ड्रॉइंग हातात घेऊन तपासू शकतो. कसं ते सांगते.

आधी तीन बिल्डिंग डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच येणार आहे.

लंडनचा रोनन पॉइंट, २२ मजले, १६ मे १९६८. १८व्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये गॅसचा स्फोट झाला, फार मोठा नव्हता, पण त्याने भिंतीचं प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेलं, पॅनल बाहेर ढकललं, वरच्या मजल्यांचा आधारच गेला, ते खाली आले आणि त्यांच्या वजनाने खालचेही बसत गेले, अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत साफ. ४ माणसं गेली. पॅनल एकमेकांवर ठेवलेली होती पण एकमेकांना नीट बांधलेली नव्हती.

दुसरी ओक्लाहोमा सिटीची मरा फेडरल बिल्डिंग, १९ एप्रिल १९९५, ९ मजली आरसीसी फ्रेम. ट्रकमधल्या बॉम्बने समोरचा एक कॉलम थेट उडवला आणि शेजारचे दोन शिअरमध्ये, म्हणजे कापल्यासारखे, गेले. पण तिसऱ्या मजल्यावर ट्रान्सफर गर्डर होता, म्हणजे वर जवळजवळ कॉलम आणि खाली लांब लांब, त्यामुळे खालचे तीन गेले म्हणजे वरची खूप मोठी रांग लोंबकळली आणि जवळपास अर्धी बिल्डिंग पडली. १६८ जीव गेले.

तिसरी पेंटॅगॉन, १९४०च्या दशकात बांधलेली साधी आरसीसी इमारत. ११ सप्टेंबर २००१ ला विमान आत घुसलं, तळमजल्यावरचे डझनावारी कॉलम तुटले किंवा वाकले, तरी वरचे मजले लगेच खाली आले नाहीत, जवळपास २० मिनिटं टिकून राहिले आणि त्या वेळात माणसं बाहेर पडली. नंतर इंजिनिअरांनी तपास केला तेव्हा तीन गोष्टी ठळक निघाल्या: गाळे, म्हणजे दोन कॉलममधली अंतरं, छोटे होते, कॉलमच्या सळयांभोवती स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या स्पायरल रिंग होत्या, आणि बीमच्या खालच्या सळया आधारावरून सलग गेलेल्या होत्या. ही तिसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा, मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच बोलायचंय.

कॉलम काढून बघा, कागदावर

प्लॅन समोर घ्या आणि तळमजल्याचा एकेक कॉलम खोडा. एका वेळी एकच. लांब बाजूच्या मधला, आखूड बाजूच्या मधला, कोपऱ्यातला, आणि खाली पार्किंग किंवा लोकांची मोकळी ये-जा असेल तर आतलाही. जिथे गाळ्याची लांबी एकदम बदलते किंवा मजल्याची उंची जास्त आहे तिथलाही बघा. अमेरिकेच्या जीएसए (सरकारी इमारती सांभाळणारी संस्था) आणि संरक्षण खात्याच्या गाईडलाईनमध्ये हीच पद्धत आहे, कॉलम काढायचा आणि वजनाला दुसरी वाट मिळते का ते बघायचं. त्यात पूर्ण लाईव्ह लोड धरत नाहीत, डेड लोड १.२ पट आणि लाईव्ह लोड निम्मा, कारण कॉलम जाईल त्याच क्षणी सगळे मजले खचाखच भरलेले असतील याची शक्यता कमी.

पण एक मोठी गोष्ट विसरू नका, कॉलम हळूहळू जात नाही, झटक्यात जातो. वजन अलगद ठेवलं तर बीम जेवढा वाकेल त्याच्या दुप्पट तो पहिल्या झोक्यात वाकतो, म्हणून साध्या लिनिअर स्टॅटिक हिशोबात लोड दुप्पट धरायची जुनी पद्धत आहे. बीम डक्टाईल असेल, म्हणजे न तुटता वाकून ऊर्जा खाऊ शकत असेल, तर हा आकडा खाली येतो. ठिसूळ असेल तर येत नाही.

आणि काहीच पडू नये अशी अपेक्षाही नसते. युरोकोडमध्ये, म्हणजे युरोपच्या डिझाईन नियमांत, कॉलम काढल्यावर एका मजल्याच्या १५ टक्के किंवा १०० चौरस मीटर यातलं जे कमी तेवढं पडलं तर चालतं, तेही लागून असलेल्या दोन मजल्यांपर्यंतच. म्हणजे नुकसान एका जागी कोंडायचं.

कॉलम गेल्यावर आत काय होतं

समजा ६ मीटरचे गाळे आहेत आणि मधला कॉलम गेला. आता बीमचा स्पॅन १२ मीटर झाला. पहिल्यांदा फ्रेम नेहमीसारखी बेंडिंगमध्येच, म्हणजे वाकून, झुंजते, वरचे सगळे मजले मिळून, आणि वर जितके जास्त मजले आणि जितके घट्ट जोड तितकं बरं. भराव भिंती, म्हणजे फ्रेमच्या चौकटीत भरलेल्या भिंती, असतील तर त्याही मदत करतात, आणि चांगलीच करतात. हॉटेल सॅन डिएगो नावाची ६ मजली जुनी आरसीसी इमारत पाडायच्या आधी तिचे बाहेरचे दोन शेजारचे कॉलम मुद्दाम स्फोटाने उडवून मोजमाप केलं होतं, वरचा भाग फक्त ६ मिलिमीटरच्या आसपास खाली आला, आणि त्यात भराव भिंतींचा मोठा हात होता. भिंतींवर हिशोबात विसंबू नका, उद्या कुणीतरी त्या काढेल, पण त्या असताना बिल्डिंग बरीच ताठ असते हे खरं.

बीम थोडा वाकला की दुसरी गोष्ट सुरू होते, आर्च ॲक्शन. टोकांना शेजारचे कॉलम बीमला पसरू देत नाहीत, त्यामुळे बीम आतून कमानीसारखा दाबला जातो आणि हिशोबापेक्षा जास्त वजन घेतो. पण ही मदत बीमच्या जाडीएवढं खाली येईपर्यंतच, त्यानंतर काँक्रीट चिरडायला लागतं आणि ताकद घसरते.

मग शेवटचा आधार, कॅटेनरी ॲक्शन. आता बीम बीमसारखा वागतच नाही, कपडे वाळत घालायच्या दोरीवर मध्ये ओली चादर टाकल्यावर दोरी जशी ताणून धरते तसं सळया नुसत्या ताणाने वजन धरतात. इथे थोडा हिशोब करू, कारण आकडे बघितल्याशिवाय हे पटत नाही. गेलेल्या कॉलमवर त्या मजल्याचं ३०० किलोन्यूटन येत होतं आणि ते सगळं एकाच दिशेच्या बीमने धरायचं असं माना. मधला बिंदू १.२ मीटर खाली आला तर सळयांमधला ताण साधारण ३०० गुणिले ६, त्याला १.२ च्या दुपटीने म्हणजे २.४ ने भागून, ७५० किलोन्यूटन. ५०० ग्रेडचं (दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन धरणारं) स्टील असेल तर १५०० चौरस मिलिमीटर लागेल, २० मिलिमीटरच्या ५ सळया, वरच्या आणि खालच्या मिळून पण सलग. पाच सळया काही फार नाहीत! पण बीम ०.६ मीटरवरच तुटणार असेल तर तेवढंच वजन धरायला १५०० किलोन्यूटन ताण लागतो, म्हणजे १० सळया. तर जितकं जास्त खाली झुकता येईल तितकं कमी स्टील पुरतं, म्हणून न तुटता झुकता येणं हीच इथली खरी ताकद.

आता यातली मेख. ६ मीटरमध्ये १.२ मीटर म्हणजे ०.२ रेडियन फिरणं, आणि साध्या डिटेलिंगच्या बीमला ते जमतंच असं नाही. अमेरिकन संरक्षण खात्याच्या नियमात बरोबर हीच अट आहे, बीम ०.२ रेडियन फिरूनही ताण धरतो हे दाखवता येत नसेल तर टाय (बिल्डिंग एकत्र बांधून ठेवणाऱ्या सळया) म्हणून त्याच्या सळया मोजायच्या नाहीत, टाय स्लॅबमध्ये पसरून टाकायच्या. स्लॅबचा फायदा असा की तो दोन्ही दिशांनी झोळीसारखा ताणला जातो आणि कडेने स्वतःच दाबाची एक रिंग तयार करतो.

आणि हा जो ७५० किलोन्यूटनचा ताण आहे तो दोन्ही टोकांना कुणीतरी आडवा धरायला हवा. मधल्या गाळ्यात शेजारी अजून गाळे असतात, ते धरतात. कोपऱ्यातला कॉलम गेला तर पलीकडे धरायला कुणीच नाही, म्हणजे तिथे कॅटेनरी विसरा. कोपऱ्याच्या आतला पहिला कॉलम गेला तरी जवळपास तीच गत, कारण एका टोकाला एकटा कोपऱ्यातला कॉलम उरतो आणि तो आत ओढला जातो. म्हणून कोपरे वेगळे बघायचे: कोपऱ्यातला कॉलम खोडल्यावर दोन्ही बाजूंचे बीम कँटिलिव्हर (एकाच टोकाला धरलेले) म्हणून सगळ्या मजल्यांवर मिळून धरू शकतात का, नाहीतर कोपऱ्यापासून थोडं आत एक शिअर वॉल (भार घेणारी आरसीसी भिंत) किंवा जादा कॉलम देता येतो का.

खालच्या सळया, खालच्या सळया, खालच्या सळया

बीममध्ये कॉलमजवळ मुख्य स्टील वर असतं आणि मध्यावर खाली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे बरेचदा खालच्या सळया कॉलमच्या तोंडापाशी किंवा थोड्या आत नेऊन संपवल्या जातात, कारण नेहमीच्या हिशोबात तिथे त्यांना कामच नाही. पण कॉलम गेला की तीच जागा १२ मीटरच्या स्पॅनचा मध्य होते, ताण खालच्या बाजूला येतो आणि तिथे सळईच नाही! बीम तिथून फाटतो आणि आर्च, कॅटेनरी वगैरे सगळं कागदावरच राहतं.

म्हणून ड्रॉइंग आलं की सगळ्यात आधी हे बघा. खालच्या किमान दोन सळया कॉलमच्या उभ्या सळयांच्या पिंजऱ्यातून आरपार गेल्या पाहिजेत, किंवा पलीकडच्या सळयांशी पूर्ण टेन्शन लॅपने (ताण एका सळईतून दुसरीत जाईल एवढ्या लांबीने एकमेकींना लागून ठेवून) जोडलेल्या पाहिजेत. कॉम्प्रेशन लॅप चालणार नाही, ‘खाली तर कॉम्प्रेशन आहे ना’ असं म्हणून लॅप आखूड ठेवणारे भेटतात, त्यांना कॉलम गेल्यावरचं चित्र काढून दाखवा. शेवटच्या कॉलममध्ये सळई हुकने पूर्ण अँकर करा. बाहेरच्या कडेचे बीम तर सगळ्यात महत्त्वाचे, तो बिल्डिंगचा कमरपट्टा आहे. एसीआय, म्हणजे अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या, कोडमध्ये या कडेच्या बीमसाठी मध्यावरच्या खालच्या स्टीलपैकी किमान एक चतुर्थांश आणि आधारावरच्या वरच्या स्टीलपैकी किमान एक षष्ठांश सलग ठेवायला सांगितलंय, दोन्हीकडे कमीत कमी दोन सळया, आणि त्यांच्याभोवती बंद रिंग. हा किमान आहे, वरच्या हिशोबात लागलं तर जास्त द्या.

रिंगचंही तेच. रिंगचा हुक १३५ अंशात आत वळवलेला हवा, ९० अंशाचा हुक कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) उडालं की उघडतो आणि सळया मोकळ्या होतात. आणि रिंग फक्त आधाराजवळ जवळजवळ आणि मध्ये विरळ असं असेल तर विचार करा, स्पॅन दुप्पट झाल्यावर शिअरही वाढतो. बीम शिअरमध्ये गेला तर आधी काही इशारा मिळत नाही, म्हणून शिअरची ताकद कायम बेंडिंगपेक्षा वर ठेवायची. भूकंपाचं डक्टाईल डिटेलिंग नीट केलेलं असेल तर यातलं बरंचसं आपोआप आलेलं असतं. मरा बिल्डिंगच्या तपासातही हेच म्हटलंय, भूकंपासाठीच्या फ्रेमसारखं डिटेलिंग असतं तर पडझड बरीच कमी झाली असती. पण ‘आपलं सिस्मिक डिझाईन आहे’ एवढ्यावर थांबू नका, कॉलम खोडायची तपासणी तरीही करा, भूकंपात सगळी बिल्डिंग हलते आणि इथे एकाच जागी सगळा भार येतो.

फ्लॅट स्लॅब असेल तर

इथे मला जास्त भीती वाटते. बीमच नाही, स्लॅब थेट कॉलमवर, आणि कॉलमभोवती पंचिंग शिअर झालं की कॉलम स्लॅबमधून वर निघून येतो. एका कॉलमपाशी पंचिंग झालं की त्याचा भार शेजारच्या कॉलमवर, तिथे पंचिंग, असं आडवं पसरतं, आणि वरचा स्लॅब खालच्यावर पडला की तो खालचा काही ते धरू शकत नाही. सोलचं सॅम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर, २९ जून १९९५, असंच गेलं, ५०२ माणसं. कॉलम ठरल्यापेक्षा बारीक, वरच्या मजल्याचा वापर बदलून भार वाढवलेला, गच्चीवर एसीची जड युनिट, आणि त्या दिवशी वरच्या मजल्यावर भेगा दिसत असूनही स्टोअर रिकामं केलं नाही. फ्लोरिडातल्या सर्फसाईडला २४ जून २०२१ ला चॅम्प्लेन टॉवर्स साऊथ पडलं, ९८ माणसं गेली, तिथेही तपासात स्विमिंग पूलच्या डेकच्या स्लॅब-कॉलम जोडांकडे बोट दाखवलं गेलंय.

पंचिंग झाल्यावर वरच्या सळया कामाला येत नाहीत, त्या कव्हर फाडून वर सोलून निघतात. स्लॅबला लटकवून धरतात त्या फक्त खालच्या, कॉलमच्या पिंजऱ्यातून गेलेल्या सळया. त्यासाठी कॅनडाच्या कोडमध्ये एक सोपा हिशोब आहे: कॉलमवर येणाऱ्या शिअरची दुप्पट भागिले स्टीलची ताकद, एवढं खालचं स्टील कॉलमच्या सगळ्या बाजू मिळून हवं. आरपार गेलेली सळई दोन बाजू ओलांडते म्हणून दोनदा मोजायची. समजा ४०० किलोन्यूटन आणि ५०० ग्रेड, तर १६०० चौरस मिलिमीटर. १६ मिलिमीटरच्या प्रत्येक दिशेला दोन, म्हणजे चार सळया, दोनदा मोजल्यावर १६०८ भरतात. चार सळयांमध्ये काम झालं! एसीआयमध्येही १९८९ पासून प्रत्येक दिशेला दोन खालच्या सळया पिंजऱ्यातून न्यायचा नियम आहे. त्याआधीच्या फ्लॅट स्लॅबमध्ये त्या असतीलच असं धरू नका.

जिथे दुसरी वाट निघतच नाही

काही कॉलम खोडले की काही केल्या हिशोब बसत नाही, ट्रान्सफर गर्डरखालचे तर हमखास. शक्य असेल तर प्लॅनच बदला, आर्किटेक्टशी वाद घालायची वेळ हीच, नंतर नाही. नाहीच जमलं तर तो कॉलम ‘की एलिमेंट’ म्हणून डिझाईन करा, म्हणजे तो जाऊच नये असा. ब्रिटिश नियमात आणि युरोकोडमध्ये त्यासाठी ३४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर एवढा दाब कुठल्याही बाजूने लावतात, हा आकडा रोनन पॉइंटच्या स्फोटावरूनच आलाय. स्पायरल किंवा जवळजवळ रिंग द्या, आणि कॉलमला चिकटलेल्या भिंतीवरून येणारा दाबही धरा. तरीसुद्धा मी या उपायाला शेवटचा नंबर देते, कारण आपण ठरवलेल्या दाबापेक्षा मोठं काही आलं तर मागे काहीच उरत नाही.

लांबलचक, कमी उंचीच्या बिल्डिंगमध्ये उलटा विचारही करा. सगळं एकमेकांना घट्ट बांधलं तर पडणारा भाग उभ्या भागालाही ओढू शकतो. तिथे जॉइंट देऊन तुकडे पाडलेले बरे, पेंटॅगॉनमध्ये पडलेला भाग एका बाजूला एक्स्पान्शन जॉइंटपाशीच थांबला.

स्लॅब टाकायच्या आधी

ड्रॉइंग कितीही चांगलं असलं तरी फिटरला कॉलमच्या गर्दीत खालची सळई आत घालायला जागा नसेल तर तो ती बाहेरून काढणार किंवा तोडणार. म्हणून जोडाचं डिटेल मोठ्या स्केलवर काढून द्या, आणि वरचं स्टील बांधायच्या आधी स्वतः वाकून बघा, एकदा वरचं जाळं पडलं की खालचं काही दिसत नाही. कॉलमपाशी खालची सळई पिंजऱ्याच्या आत आहे का, लॅप मोजून किती, रिंगचे हुक आत वळलेत का, कोपऱ्यात सळई खरंच वळवली आहे का नुसती येऊन संपली आहे. फोटो काढून ठेवा.

बांधकाम चालू असताना बिल्डिंग सगळ्यात कमजोर असते हेही लक्षात घ्या. व्हर्जिनियातल्या स्कायलाईन प्लाझामध्ये २ मार्च १९७३ ला वरच्या मजल्याचे टेकू लवकर काढले, कच्च्या काँक्रीटमध्ये पंचिंग झालं आणि पडझड पार खालपर्यंत गेली, १४ कामगार गेले. तारीख बघून टेकू काढू नका, काँक्रीटची ताकद बघून काढा, थंडीत ती फार हळू वाढते. एकाच जागी सळयांचे गठ्ठे किंवा विटा रचू देऊ नका.

आधीच उभी असलेली बिल्डिंग

जुन्या बिल्डिंगमध्ये आधी मूळ ड्रॉइंग मिळवा, नसेल तर कॉलमजवळ स्कॅन करून खालच्या सळया आहेत का ते बघा, दोनचार ठिकाणी कव्हर फोडून खात्री करा. पाणी मुरतंय तिथे गंजही तपासा. बीमला खालून स्टीलची पट्टी किंवा फायबर लावता येतं, पण ते कॉलमच्या पलीकडे सलग नेता आलं तरच उपयोग. फ्लॅट स्लॅबला कॉलमच्या माथ्यावर कॅपिटल (रुंद डोकं) किंवा स्टीलची कॉलर घालता येते. कॉलमला जॅकेट (भोवती नवीन आवरण) करता येतं, पण नुसता कॉलम जाड करून बीमचा जोड तसाच ठेवला तर अर्धंच काम झालं. आणि गच्चीवर टाकी, बगीचा, मशीन काहीही नवीन ठेवायचं असेल तर आधी हिशोब, मग क्रेन.

फ्लॅट स्लॅबमध्ये कॉलमभोवती वरून गोलाकार भेग दिसली, लाद्या उचलल्या गेल्या, कॉलमजवळ स्लॅब बसल्यासारखा वाटला किंवा दारं अचानक अडकायला लागली, तर रिपोर्टची वाट बघू नका. आधी माणसं बाहेर, खालच्या आणि वरच्याही मजल्यावरची, आणि कुणालाही सामान आणायला परत आत सोडू नका. टेकू लावायला आत जायचं की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर बघून ठरवायचं, आणि लावायचेच तर एका मजल्यावर लावून थांबायचं नाही, एकाखाली एक असे थेट जमिनीपर्यंत न्यायचे, नाहीतर तोच भार आपण खालच्या स्लॅबच्या मध्यावर नेऊन ठेवतो.